बदायूँचा गवई आणि दुल्हाभाईंचा राग

माझी भाची दोन वर्षांपासून शास्त्रीय गाणे शिकते. परवा तिच्या अब्बांनी तिला सिनेमाचे गाणे म्हणताना ऐकले आणि घरात चांगलीच खडाजंगी झाली. "सिनेमाचे गाणे गळ्यात बसले की तालीम गेली!" हे आमच्या दुल्हाभाईंचे म्हणणे. भांडण माझ्यापर्यंत आले, तेव्हा मी कोणाचीच बाजू घेतली नाही. फक्त मरहूम उस्ताद गुलाम मुस्तफा खाँसाहेबांची हकीकत सांगितली.

खाँसाहेब ३ मार्च १९३१ रोजी उत्तर प्रदेशातल्या बदायूँला जन्मले. घराणे रामपूर-सहसवान. सहसवान हा बदायूँ जिल्ह्यातलाच कसबा. घराण्याचे संस्थापक इनायत हुसेन खाँ हे त्यांच्या आईचे वडील. पहिली तालीम वालिद वारिस हुसेन खाँ यांच्याकडे, मग फिदा हुसेन खाँ आणि निसार हुसेन खाँ यांच्याकडे. या निसार हुसेन खाँची शिस्त केवढी, ते त्यांच्या नंतरच्या शागिर्दावरून कळते. लहानग्या राशिद खाँना ते पहाटे चारला उठवत आणि एकच स्वर तासन् तास लावायला सांगत.

अशा घरातला हा गवई १९५७ साली पार्श्वगायक झाला आणि तोही 'चांद प्रीतीचा' या मराठी चित्रपटासाठी. वय अवघे सव्वीस. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

पण दुल्हाभाईंची काळजी अगदीच पोकळ नाही. मैफलीत गवई मालक असतो. आपल्या गळ्याला सोयीची पट्टी तो ठरवतो, तबलजी त्याच्या लयीने चालतो, मन लागले तर एक राग तासभर गातो. स्टुडिओत यातले काहीच हातात नसते. चाल संगीतकाराची, लय वाद्यवृंदाची, आणि गाणे तीन-चार मिनिटांत संपवायचे. शिवाय ओठ दुसऱ्याचे हलणार. त्या काळी सगळे वादक आणि गायक एकत्रच ध्वनिमुद्रण करत. एकाची जागा चुकली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पहाटेचा तो एक स्वर इथेच कामी येतो. ज्याचा स्वर पक्का, त्याला आलाप फुलवायला जागा मिळाली नाही तरी एका हरकतीत राग दाखवता येतो. कच्च्या गळ्याची फजिती मात्र लपत नाही, मायक्रोफोन फार चुगलखोर असतो.

खाँसाहेबांनी फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी माहितीपटांना आवाज दिला. १९६९ मध्ये मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'साठी गायले. आणि १९८१ चा 'उमराव जान'! खय्याम यांनी त्यांना रागमाला दिली. पडद्यावर उस्ताद लहान अमीरनला तालीम देतात, रागामागून राग येत जातात आणि गाता गाता पोर मोठी होते. त्या उस्तादांची भूमिका भारतभूषण यांची. गंमत पाहा, १९५२ च्या 'बैजू बावरा'त बैजू झाले होते ते हेच. तिथल्या जुगलबंदीत त्यांना आवाज होता आपल्या द. वि. पलुसकरांचा, तर तानसेनाला उस्ताद अमीर खाँचा. आणि पुढे एका जर्मन माहितीपटात बैजूची भूमिका केली ती खुद्द गुलाम मुस्तफा खाँनी.

पडद्यामागे खाँसाहेब स्वतः जेवढे गायले, त्याहून कितीतरी जास्त त्यांचे शागिर्द गायले. मन्ना डे, आशा भोसले, हरिहरन, सोनू निगम, ए. आर. रहमान... ही मंडळी त्यांच्याकडे शिकली. काहींचे तर आधीच नाव झालेले होते; नाव झाल्यावर पुन्हा 'सा'पासून बसायचे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला माहीत! हरिहरन यांना पुढे 'जोगवा' या मराठी चित्रपटातल्या गाण्यासाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उस्तादांची सुरुवात मराठीत, शागिर्दाचा मानही मराठीत.

घरातलेच उदाहरण हवे तर राशिद खाँ. गुलाम मुस्तफा खाँ त्यांचे मामा. लहानपणी काही काळ ते मुंबईत मामांकडे शिकले. २००७ च्या 'जब वी मेट'मधल्या त्यांच्या एका गाण्याने ख्यालाकडे कधी न फिरकलेल्या पोरांना त्यांचे नाव कळले. ते मात्र अखेरपर्यंत ख्याल गात राहिले. २०२४ च्या जानेवारीत, पंचावन्नाव्या वर्षी, ते गेले. मामा त्याआधी तीन वर्षे, १७ जानेवारी २०२१ रोजी मुंबईत गेले होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते.

एवढे सांगून मी मोबाईलवर 'उमराव जान'ची रागमाला लावली. दुल्हाभाई काही बोलले नाहीत. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या खेपेला मध्येच थांबवून त्यांनी लेकीला विचारले, "आता राग बदलला ना? कुठला हा?"

भाचीला सांगता आले नाही. दुल्हाभाई म्हणाले, "हे ओळखता येऊ दे, मग म्हण सिनेमाचे गाणे."