गॅस संपला म्हणे!

एप्रिल लागला की नंदुरबारमध्ये "एसी थंडच करत नाहीये हो" हे वाक्य ऐकू यायला लागतं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं. "गॅस संपला असेल, भरून घ्या." आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या "फॉरमॅट मारून बघा"चा हा सख्खा भाऊ. काहीही न तपासता दिलेलं उत्तर! कधीकधी लागू पडतं, म्हणूनच इतकी वर्षं टिकलंय. पण माझं स्पष्ट मत आहे की एसीचा गॅस 'संपतो' ही कल्पनाच चुकीची आहे.

गॅस म्हणजे काही गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो आणि परत येतो. वापरून खर्च होत नाही. कमी झाला असेल तर बहुतेक वेळा एकच अर्थ, कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रात्री रिस्टार्ट करणं. काम चालतं, बग तिथेच राहतो, आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच बिल. शिवाय गळालेला गॅस हवेतच जातो. आर-२२ किंवा आर-४१०ए हे वायू पृथ्वी तापवण्यात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण दोन हजार पट भारी पडतात. नवा आर-३२ त्यामानाने बरा, तरीही सुमारे ६७५ पट. म्हणजे थंडाव्यासाठी केलेला खर्च उन्हाळाच वाढवतो :-)

मग करायचं काय? डीबगिंगचा पहिला नियम, आधी बघा, मग हात लावा. नाना (माझे वडील) नंदुरबारला, मी पुण्यात. मेकॅनिकने फोनवरच गॅसचा भाव सांगून टाकला होता, तेव्हा आम्ही फोनवरच एकेक गोष्ट तपासली.

"नाना, बाहेरचा डबा चालू आहे का?" हा पहिला प्रश्न. आतला पंखा फिरतोय पण बाहेर कॉम्प्रेसर बंद असेल तर नुसता वारा येणार. कारण कमी व्होल्टेज असेल, कपॅसिटर गेला असेल, नाहीतर रिमोटवर चुकून 'फॅन' मोड लागला असेल. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं! (कपॅसिटर मात्र स्वतः उघडू नका, वीज बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो.)

दुसरा प्रश्न धुळीचा. आतला फिल्टर धुतला का? बाहेरच्या युनिटच्या जाळीवर धुळीचा थर आहे का? ती जाळी बुजली की उष्णता बाहेर जाणार कुठून?

तिसरी गोष्ट साध्या थर्मामीटरची. एसी पंधरा मिनिटं चालवा. हवा आत जाते तिथलं आणि थंड हवा येते तिथलं तापमान मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. नानांच्या खोलीत फरक १० अंश आला. म्हणजे गॅस भरायची गरजच नव्हती.

मग खोली गरम का? एसीची जी टन क्षमता छापलेली असते ती बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो, तेव्हा तोच एसी कमी थंडावा देतो. त्यात वर आरसीसी स्लॅब. जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो. त्यात अनेक घरांत एसीबरोबर कूलरही लावतात. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी तेच पाणी हवेतून काढत बसतो. एकाने भरायचं, दुसऱ्याने उपसायचं! नानांनी कूलर बंद केला आणि गच्चीवर चुना मारून घेतला. खोलीचं काश्मीर झालं नाही, पण रात्री झोप लागायला लागली. वयस्कर माणसांसाठी हीच गोष्ट महत्त्वाची, कारण उन्हाळ्यात शरीराला सावरायला गार रात्र लागते.

आता मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. भर मे महिन्यात त्याला दिवसभर फोन चालू असतात. अर्धा तास गळती शोधली आणि "काही नाही, जाळी धुवा" म्हणाला, तर आपण त्या अर्ध्या तासाचे पैसे देतो का? नाही. सिलिंडर लावला की मात्र निमूट देतो. मग तो गॅसच विकणार! आपण स्वतः डीबगिंगच्या तासांचे पैसे क्लायंटला लावतो, आणि इथे निदान फुकट हवं असतं.

म्हणून पुढच्या वेळी सांगून बघा, "भाऊ, आधी गळती दाखवा, तपासणीचे वेगळे पैसे देतो." गळती खरंच निघाली तर ती बुजवून, नळ्यांतली हवा काढून, प्लेटवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायला लावा. हे जो नीट करतो त्याचा नंबर आई-वडिलांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.