विद्येचा जमाखर्च

‘ड्रुपल’ ही संकेतस्थळे उभारण्याची प्रणाली बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी 2001 मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तिची आशियातील पहिली परिषद 18 ते 21 फेब्रुवारी 2016 रोजी पवईच्या आयआयटीत भरली. अशा परिषदांना कंपन्या स्वखर्चाने आपले संघ पाठवतात. ही मंडळी व्याख्याने ऐकतात, तशीच प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी बसून प्रणालीतील दोषही दुरुस्त करतात.

कोल्हापुरातील आपल्या पेढ्यांवर प्रश्न उमटेल : पदरमोड करून विद्या फुकट का वाटावी? उत्तर रोकडे आहे. दुरुस्ती स्वतःपुरती ठेवली, तर प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी ती पुन्हा करावी लागते. मूळ प्रणालीत सामावली, की तिची देखभाल सारे मिळून करतात. इतरांच्या दुरुस्त्याही आपल्या पदरी पडतात.

मात्र ग्राहकाची माहिती ही त्याची ठेव होय. ती वाटावयाची नसते.

यात परतावा असल्याने यास निरपेक्ष शास्त्रदान म्हणता येणार नाही. तथापि वाट त्याच दिशेची आहे. पुण्या-मुंबईत नोकरीस असलेली आपली मुले-मुली अशा परिषदेस निघाली, तर ते दिवस वाया गेले असे समजू नये. ते भांडवलाच्या खाती मांडावेत.