शाळेला ऊन परवडत नाही म्हणे!

भाटघर, पानशेत, वरसगाव. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या या धरणांच्या पायथ्याशी वीज तयार होते. त्याच डोंगरांतल्या जिल्हा परिषद शाळांत मात्र पावसात खांब पडला की अंधार, बिल थकले की अंधार. सौर यंत्रणा मागितली की उत्तर तयार असते: वीस पोरांच्या शाळेला परवडत नाही.

हिशेबच करू. दोन खोल्या, चार पंखे, चार दिवे, एक टीव्ही: सहा तासांत जेमतेम तीन युनिट. एक किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिट देते. शाळा दिवसाच भरते, त्यामुळे छोटी बॅटरी पुरते. खर्च ढोबळमानाने एक लाख. वर्षाचे 220 दिवस, युनिटला दहा रुपये धरले तर 6,600 रुपये वाचतात. म्हणजे पैसे फिटायला पंधरा वर्षे, शिवाय मधे बॅटरी बदलायची. हे लपवायचे कारण नाही. बिनबॅटरीची यंत्रणा स्वस्त पडते, पण लाईन गेली की तीही बंद होते. वेल्ह्याच्या पावसात ती काय कामाची?

पण बिलाची बचत हे शाळेचे माप कधीपासून झाले? 2023 मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले. नमुना दाखवला तो पानशेतचाच. मुलांना तिथे न्यायला गाडी लागते. भाडे महिन्याला 20 हजार धरले तरी दहा महिन्यांचे दोन लाख, दरवर्षी. शिक्षकांचा पगार वाचतो म्हणाल, तर मग विजेचा खर्च ही अडचण नव्हतीच!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्वच्छतागृह आहे, पाणी आहे, कुंपण आहे, वीज नाही. पीएम सूर्यघर योजना घराच्या छताला 78 हजारांपर्यंत अनुदान देते, शाळेच्या छताला नाही. प्रश्न पैशाचा नाही, धोरणाचा आहे.

"यात मुसलमानांचा काय संबंध?" असे आपल्यातलेच विचारतील. फक्त उर्दू शाळांसाठी बोलणारा समाज मागणारा गट राहतो, नागरिक होत नाही. सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख यांचे नाव मिरवायचे, तर धनगरवाड्यावरची शाळाही आपलीच.

सदका-ए-जारिया म्हणजे देणारा गेल्यावरही चालू राहणारे पुण्य. ते शाळेच्या छतावर जरूर चढवा, पण उद्घाटनाचा फोटो काढून परतू नका. बॅटरी कोण बदलणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आणि त्याच दिवशी जिल्हा परिषदेला पत्र द्या: पुढच्या शाळांचा खर्च अंदाजपत्रकात दाखवा. दान एका शाळेला पुरते, हक्क सगळ्या शाळांना.