राजस्त्रियांची शिरोभूषणे

मराठी घरांतील जुन्या पेट्यांत ‘राणीछाप’ रुपया अद्यापि कोठे कोठे आढळतो. १८६२ पासून पाडलेल्या ह्या रुपयावर व्हिक्टोरिया राणीचे मुकुटधारी मस्तक आहे. आपल्या कित्येक पणज्यांना परदेशची राजस्त्री दिसली ती एवढीच, मस्तकापुरती. राजस्त्रीची ओळख तिच्या शिरोभूषणावरून व्हावी, हा संकेत असा फार जुना आहे. इंग्लंडच्या राजघराण्यातील ह्या शिरोभूषणांचा आज थोडा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. परंतु केवळ रत्नांची मोजदाद करणे हा आमचा हेतू नव्हे. मस्तकावर जे चढते ते त्या मस्तकाच्या मालकीचे असते काय, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि तो प्रश्न केवळ राजवाड्यापुरता नाही.

त्या घराण्यातील स्त्रियांची शिरोभूषणे मुख्यतः तीन प्रकारची. दिवसाच्या समारंभास टोपी. सायंकाळच्या मेजवानीस टियारा, म्हणजे केसांवर बसविण्याचा रत्नजडित अर्धवर्तुळाकार पट्टा. आणि राज्यारोहणासारख्या प्रसंगी मुकुट. टियाऱ्याची जुनी रूढी अशी की, तो विवाहित स्त्रीने घालावा. कुमारिकेने तो प्रथम मस्तकी धारण करावयाचा तो विवाहाच्या दिवशीच. आपल्याकडे मंगळसूत्र जे सांगते, त्यातील काही अंश तिकडे हा अलंकार सांगतो.

टोपीचे काम निराळे. दुसरी एलिझाबेथ राणी (राज्यकाल १९५२ ते २०२२) गर्दीत दुरूनही दिसावी म्हणून भडक रंगाची आणि चेहरा झाकू नये अशा बेताच्या काठाची टोपी घालीत असे. २१ जून २०१७ रोजी पार्लमेंटच्या उद्घाटनास ती मुकुटाऐवजी पिवळी फुले लावलेली निळी टोपी घालून आली. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याची बोलणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, आणि त्या संघाचे निशाण निळ्यावर पिवळ्या ताऱ्यांचे! तेवढ्यावरून केवढी चर्चा माजली! राणीला राजकारणावर मत देण्याची मुभा नाही. म्हणून लोक तिच्या टोपीत मत शोधू लागले.

आता मुकुट. राज्याभिषेकाच्या मुख्य क्षणी जो मस्तकी ठेवतात, तो १६६१ साली घडविलेला सेंट एडवर्डचा सुवर्णमुकुट. त्याचे वजन २ किलो २३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १९० तोळे. २ जून १९५३ रोजी सत्तावीस वर्षांच्या एलिझाबेथने तो मस्तकी धारण केला. पार्लमेंटच्या उद्घाटनास जो घालतात, तो १९३७ चा मुकुट पुष्कळ हलका, सुमारे एक किलोचा. परंतु तो घातला असता मान खाली घालून भाषण वाचता येत नाही. कागद डोळ्यांसमोर वर धरावा लागतो, नाहीतर मानच मोडावयाची, असे ह्याच राणीने २०१८ साली एका मुलाखतीत हसत हसत सांगितले होते. २०१९ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, तिने तो मुकुट न घालता हलके हिरेजडित शिरोवेष्टन पत्करले. मुकुट मात्र नियमाप्रमाणे मिरवणुकीतून आला. मस्तक नसले तरी चालते, मुकुट हवाच!

ह्या मुकुटांची मालकी कोणाची? ते राजपदाचे आहेत. राजा किंवा राणी त्यांची केवळ सांभाळ करणारी. ते विकता येत नाहीत, लेकीसुनांस वाटून देता येत नाहीत. टियाऱ्यांचे तसे नाही. त्यांतील पुष्कळसे त्या त्या स्त्रीच्या खाजगी मालकीचे. हा भेद ओळखण्याची एक खूण आम्हांस सापडते, आणि ती आपल्या वाचकभगिनींस तत्काळ पटेल. अलंकार कोण घालते हे पाहू नये. तो मोडून दुसरा घडविण्याचा अधिकार कोणास आहे, हे पाहावे.

मेरी राणीचेच उदाहरण घ्या. १८९३ साली तिच्या विवाहात ब्रिटन व आयर्लंडमधील मुलींनी वर्गणी करून तिला एक टियारा दिला. पुढे तिने त्यावरील मोती काढून तेथे हिरे बसविले. त्याच विवाहात व्हिक्टोरिया राणीकडून आलेल्या अलंकाराचे हिरे उतरवून तिने १९१९ साली किरणांसारख्या उभ्या दांड्यांचा नवा टियारा करविला. पहिला तिने १९४७ साली नातीस, म्हणजे एलिझाबेथला, आहेर म्हणून दिला. नात त्याला ‘आजीचा टियारा’ म्हणे. किरणांचा टियारा मात्र तेव्हा एलिझाबेथच्या आईकडे होता. २० नोव्हेंबर १९४७ रोजी विवाहासाठी तो आईकडून मागून घेतला, आणि ऐन सकाळी डोक्यावर चढविताना तो तुटला! जवाहिऱ्याने तो धावतपळत सांधून आणला, तेव्हा वधू बाहेर पडली. लग्नघरची तारांबळ राजवाड्यासही चुकत नाही.

त्याच विवाहात हैदराबादच्या निजामाने लंडनच्या कार्टिये पेढीस कळविले की, राजकन्येने आपल्या पसंतीने अलंकार निवडावेत. तिने एक हिऱ्यांचा हार व गुलाबपुष्पांचा एक टियारा निवडला. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच अमलाखाली होता आणि तेथे मुक्तिसंग्राम चालू होता, हे येथे विसरून चालणार नाही. रयतेच्या दुःखाची दाद लागली नाही. लंडनला हिरे मात्र पोहोचले. पुढे १९७३ साली राणीने तो टियारा मोडला. त्याचे हिरे आणि ब्रह्मदेशाच्या लोकांनी विवाहात दिलेली ९६ माणके एकत्र करून तिने नवा टियारा घडविला. तिने कोणास विचारले नाही. वस्तू तिची होती.

ह्याच्या उलट तिच्या सुनेची गोष्ट. १९८१ साली डायना विवाह करून त्या घरात आली, तेव्हा मेरी राणीच्या वेळचा, लोंबत्या मोत्यांचा एक टियारा तिला वापरावयास मिळाला. जगभर छापलेल्या तिच्या छायाचित्रांमुळे तो तिचाच आहे, असे लोकांस वाटे. परंतु १९९६ साली घटस्फोट झाला आणि टियारा राजघराण्याकडे परत गेला. पंधरा वर्षे तो तिच्या मस्तकावर होता. तिचा मात्र तो एक दिवसही नव्हता.

ह्याहूनही कठोर कथा कोहिनूरची. १८४९ साली पंजाबचे राज्य खालसा झाले, तेव्हा दहा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून तहान्वये तो हिरा घेतला गेला. त्याची आई राणी जिंदन हिला मुलापासून आधीच तोडून कैदेत ठेवले होते. त्याच वर्षी ती चुनारच्या किल्ल्यातून दासीच्या वेषाने निसटून नेपाळात गेली. मायलेकांची भेट झाली ती १८६१ साली, कलकत्त्यास. हिरा मात्र १८५२ मध्ये घासून १८६ कॅरटांवरून सुमारे १०६ कॅरटांवर आणला होता. पुढे १९०२, १९११ व १९३७ अशा तीन राज्यारोहणांत तो तीन राण्यांच्या मुकुटांत मिरवला. ६ मे २०२३ रोजी कॅमिला राणीच्या मस्तकी मेरी राणीचा १९११ चा मुकुट चढला, त्यात कोहिनूर बसविला नाही. त्याची ती अनुपस्थिती आम्हांस मुकुटातील सर्व रत्नांपेक्षा बोलकी वाटते.

असो. आपल्याकडे शिरपेच, तुरा, मंदील हे पुरुषांचे. राजस्त्रीचा मान राखला तो पदराने. अहिल्याबाई होळकरांनी इंदूरचे राज्य चालविले ते डोक्यावरील साध्या पदरानिशी, आणि त्यांच्या अधिकारास त्यामुळे काही उणेपणा आला नाही. परंतु मालकीचा प्रश्न आपल्या घरांतही आहेच. सुनेस लग्नात घातलेले सोने सणावारी तिच्या अंगावर असते, आणि एरवी? कुलुपाची किल्ली कोणाकडे असते? पाटल्या मोडून तोडे करावेत असे तिच्या मनात आले, तर किती जणांची संमती तिला घ्यावी लागते?

आपले धर्मशास्त्र येथे मागासलेले नाही. पिता, माता, पती, बंधू ह्यांनी दिलेले व विवाहाग्नीसमोर मिळालेले धन याज्ञवल्क्याने स्त्रीधन म्हणून सांगितले आहे. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी, बंदिवास असे प्रसंग सोडता पतीने त्यास हात लावू नये, असाच त्याचा आशय आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या संपत्तीवर तिचे पूर्ण स्वामित्व मान्य केले. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, सासरी ठेवावयास दिलेले स्त्रीधन ही केवळ ठेव होय, मालकी तिचीच.

एकत्र कुटुंबात दागिने एका कपाटात राहणे सोयीचे आहे, आणि त्यात गैर काही नाही. आमची सूचना एवढीच की, कोणता जिन्नस कोणाचा ह्याची एक यादी घरातील वडीलधाऱ्यांनी आपण होऊन करावी, सुनेस तिची प्रत द्यावी, आणि तिचे जे असेल ते मोडण्याचा व घडविण्याचा अधिकारही तिचाच मानावा. मागून मिळालेला हक्क कडवट लागतो. न मागता दिलेला घराची शोभा वाढवितो. राजवाड्यास जे साधले नाही ते आपल्या चार खोल्यांच्या घरास सहज साधण्यासारखे आहे.