कात्रजचा घाट



गेल्या खरिपाच्या तोंडावर एका ताईंनी मला चावडीपाशी गाठले. "साहेब, दुकानदारानं मला कात्रजचा घाट दाखवला बघा! सोयाबीनच्या पिशवीवर बादली फुकट दिली, आणि बी निघालं मुदत संपलेलं."

नातू लगेच म्हणाला, "आजी, कात्रज तर पुण्यात आहे. तू कधी गेलीस?"

पोराचा प्रश्न रास्त होता. ही एप्रिल १६६३ मधली हकीकत. शाहिस्तेखान पुण्यात लाल महालात ठाण मांडून बसला होता. शिवाजी महाराजांनी रात्री छापा घातला, खानाची बोटे तुटली. आता पाठलाग होणार हे उघडच होते. सांगतात ते असे, की कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून तयार ठेवले होते. ते पेटवून बैल पिटाळले. मोगल फौज उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले. (त्या बैलांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही. आपल्याला मात्र तेच आधी आठवते!)

म्हणून हा वाक्प्रचार दर लबाडीला लावू नये. देतो म्हणून दिले नाही, तर तोंडाला पाने पुसली. तावडीतून निसटला, तर हातावर तुरी दिल्या. लक्ष एकीकडे वळवून काम दुसरीकडे साधले, तरच कात्रजचा घाट दाखवला.

ताईंचा शब्द अगदी नेमका होता. बादली हा पलिता. बघायला हवे होते ते पिशवीचे लेबल: उगवणशक्ती, चाचणीची तारीख, वैधतेची मुदत. सोयाबीनची उगवण शेकडा ७० च्या खाली नको.

मी विचारले, "पावती आहे?" होती. मग ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडून गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. ताई रोज पाणी शिंपडत. पाचव्या दिवशी सोडून मोजले. ५४ दाणे उगवले होते.

पिशवी, लेबल आणि पावती घेऊन आम्ही दुकानात गेलो. तालुक्याला तक्रार देतो म्हटल्यावर पैसे परत मिळाले.

बादलीही त्याने परत मागितली. ताई म्हणाल्या, "ती गोठ्यात आहे. येऊन ने."