दोन किडी, एक धडा

आष्टी तालुक्यातील कड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात शेतकऱ्याचे लक्ष सदैव आभाळाकडे लागलेले असते, आणि ते स्वाभाविकच होय. परंतु हाती आलेले पीक हिरावून नेणारे शत्रू पुष्कळदा त्याच्या पायाखालीच दडलेले असतात. हुमणी आणि गुलाबी बोंडअळी हे त्यांपैकी दोन. दोघींच्या जगण्याच्या रीती मात्र सर्वस्वी भिन्न आहेत.

हुमणीची वर्षातून एकच पिढी होते. पहिल्या वळवाच्या वा मृगाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर मीलन करतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. पुढे अळी कित्येक महिने उसाची, भुईमुगाची मुळे कुरतडत राहते. सबुरी आणि माती हेच तिचे चिलखत.

बोंडअळीचे सामर्थ्य वेगात आहे. अंड्यातून निघताच ती बोंडात शिरते. मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. एका हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात आणि प्रत्येक पिढीत विषाला पुरून उरणाऱ्या अळ्यांचा वंश वाढतो. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले; तरीही 2017 मध्ये या अळीने महाराष्ट्रातील कपाशी उद्ध्वस्त केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे बळी गेले. विषाचा मारा वाढला. मेला तो माणूस.

वास्तविक दोन्ही किडींचे मर्मस्थान त्यांच्या वेळापत्रकात आहे. भुंगेरे झाडावर येतात त्या मोजक्या रात्री फांद्या हलवून ते गोळा करणे, आणि डिसेंबरअखेर कपाशी उपटून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावणे, हे उपाय स्वस्त आहेत. मात्र ते एकट्यादुकट्याने साधणारे नव्हेत. पाणी असलेला शेतकरी चार पैशांसाठी फरदड राखतो. त्या फरदडीत पोसलेल्या अळीचा भुर्दंड पुढच्या हंगामात शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पडतो. पतंगाला बांध ठाऊक नसतो.

म्हणूनच हा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटणारा नाही; तो ग्रामसभेत सुटला पाहिजे. भुंगेरे वेचण्याच्या रात्री आणि फरदड मोडण्याची तारीख गावाने एकमताने ठरवावी. किडीने आपला हंगाम ओळखला आहे. गावाने तो अद्याप ओळखावयाचा आहे.