मनीला ‘क्रॉस’ला देऊ नका

ज्यांच्या घरी मांजर आहे, आणि त्यातही ज्यांची मनी अर्धी पर्शियन, अर्धी गावठी आहे, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या आत तिची नसबंदी करून घ्या. बोका असेल तर त्याचीही. आणि कुणी ‘आमचा बोका आहे, क्रॉसिंग करू या, एक पिल्लू आम्हाला, बाकीची तुमची’ असं म्हणत आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

एवढी घाई का, ते सांगते. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडाशी बांधलेला असतो. शहरात घरोघरी रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, त्यामुळे आपल्याकडच्या भाट्या तशा बाराही महिने माजावर येऊ शकतात. पण दिवस तिळातिळाने वाढू लागला की खरी धांदल उडते. रात्ररात्र ओरडणं, जमिनीवर लोळणं, दार जरा उघडं दिसलं की जिन्याकडे धाव. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. जानेवारीअखेर गाभण राहिलेली भाटी एप्रिलच्या तोंडावर विते. पिल्लं ऐन उन्हाळ्यात डोळे उघडतात आणि आईपासून वेगळी करण्याजोगी होतात ती मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे अर्धी सोसायटी गावाला गेलेली असताना. ‘एक आम्हाला ठेवा हं’ म्हणणारे तेव्हा फोन उचलत नाहीत. मग पहिल्या पावसात पार्किंगमधल्या गाड्यांखाली, मंडईच्या मागच्या बाजूला, बागेच्या फाटकाशी बुटांच्या खोक्यात लांब केसांची पिल्लं सापडायला लागतात. गावठी पिल्लं तर असतातच. ही त्यांच्यात भर.

आणखी एक हिशेब लक्षात घ्या. गणपतीत जन्मलेली भाटी संक्रांतीला चार-साडेचार महिन्यांची होते. घरच्यांना ती अजून तान्हीच वाटते, पण त्या वयात ती गाभण राहू शकते, आणि घरात तिचा सख्खा भाऊ असेल तर त्याच्याकडूनच राहते. मांजरांना नातं कळत नाही. ते आपण पाहायचं असतं.

मोबाइलवर फिरणारी एक नेहमीची जाहिरात पाहा : ‘पर्शियन क्रॉस, डॉल फेस, ट्रिपल कोट, लिटर ट्रेन्ड, ३० दिवसांची, अर्जंट.’ खाली टॉवेलवर ठेवलेल्या चार पिल्लांचा फोटो. त्यातल्या दोघांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पिवळा चिकटा दिसतो, एकाची नाकपुडी बुजलेली. पिल्लाच्या आईचा फोटो नसतो, बापाचं वय नसतं, लसीची तारीख नसते. तीस दिवसांचं पिल्लू म्हणजे अजून दूध पिणारं पिल्लू. आई आणि भावंडं यांच्यात राहून ते चावा किती जोरात घ्यायचा, नखं कधी आत घ्यायची, हे शिकत असतं. त्या वयात ते नव्या घरी जातं, आठवडाभरात जुलाब-उलट्या सुरू होतात, आणि ज्याला लोक ‘मांजराचा पार्वो’ म्हणतात त्या पॅनल्यूकोपेनियाने दोन-तीन दिवसांत संपतं. या रोगावर लस आहे, पण ती साधारण आठव्या आठवड्यानंतर सुरू होते. विकणाऱ्याला तेवढं थांबायचं नसतं, कारण तितके दिवस चार तोंडांना खाऊ घालायचं तर नफा कुठे उरतो?

गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगते. मिश्र जातीच्या मांजरात काही खोट नाही. माझ्या मते तर आपलं गल्लीतलं मांजर हे जगातलं सर्वांत सुबक मांजर आहे, आणि त्याच्यात थोडं पर्शियन मिसळलं म्हणून ते बिघडत नाही. प्रश्न मुद्दाम पैदास करण्याचा आहे. गल्लीत मांजरांचा तुटवडा असता तर गोष्ट वेगळी होती.

‘क्रॉस पिल्लं शुद्ध जातीपेक्षा दणकट असतात’ असं हमखास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. दोन्ही पालकांकडून दोष आला तरच जे आजार दिसतात, ते अशा संकरात कमी होतात, हे बरोबर. पण पर्शियन मांजरांतला सर्वांत कुप्रसिद्ध आनुवंशिक आजार, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा, त्या प्रकारचा नाही. त्याला एकाच पालकाचा दोष पुरतो. बाप पर्शियन आणि त्याच्यात हा दोष असेल, तर आई कितीही ठणठणीत गावठी असो, सरासरी निम्म्या पिल्लांना तो मिळणार. निरनिराळ्या देशांत पर्शियन मांजरांची तपासणी झाली, तेव्हा तीनातल्या एकीहून जास्त मांजरांत हा आजार सापडला होता. २००४ मध्ये त्याला कारणीभूत असलेला जनुकीय बदल सापडला, आणि आता गालाच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवून तपासणी करता येते. ‘क्रॉसिंग’ करणाऱ्या घरांपैकी किती जण ती करून घेतात? सोनोग्राफीचा कागद मागितला तर समोरचा माणूस आपल्याकडे वेड्यासारखा बघतो. आणि या आजाराची लक्षणं बहुधा सातव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात. तोवर तो बोका कित्येक पिल्लांचा बाप झालेला असतो.

रक्तगटाचं तर बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं. मांजरांत ‘ए’ आणि ‘बी’ हे मुख्य रक्तगट. साध्या मांजरांत ‘ए’ सर्वांत जास्त. पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर अशा जातींत ‘बी’ बऱ्यापैकी आढळतो. ‘बी’ गटाच्या भाटीच्या रक्तात ‘ए’च्या विरोधातली प्रतिद्रव्यं आपोआप तयार झालेली असतात आणि ती चिकात उतरतात. अशा भाटीला ‘ए’ गटाचा बोका लावला, तर ‘ए’ गटाचं पिल्लू जन्मतं अगदी गुटगुटीत. तासाभरात आचळाला लागतं, पोटभर पितं. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी तांबूस काळपट होते, हिरड्या पांढऱ्या आणि मग पिवळट पडतात, तिसऱ्या दिवशी ते थंडगार. जी जगतात त्यांच्यातल्या काहींच्या शेपटीचं टोक काळं पडून गळून जातं. घरचे म्हणतात दृष्ट लागली, किंवा आई अंगावर झोपली. रक्तगट आधी तपासला असता तर ही जोडी कुणी लावलीच नसती.

आता केसांकडे या, कारण सगळा बाजार केसांवर चालतो. लांब केस दोन्ही पालकांकडून यावे लागतात. पर्शियन बोका आणि आखूड केसांची गावठी भाटी यांची पहिली पिल्लं बहुतेक वेळा आखूड केसांचीच होतात. आईच्या पूर्वजांत कुणी लांब केसांचं असेल तर एखाद-दोन झुबकेदार निघतात. म्हणजे चारातलं एक विकलं जातं आणि तीन ‘कुणी घेईना’ म्हणून उरतात. पुढच्या वेळी लांब केस हमखास यावेत म्हणून याच वीतातल्या मुलीला परत बापाकडे नेणारेही आहेत. मला विचाराल तर ही हाव आहे, हौस नव्हे.

आणि जे झुबकेदार निघतं त्याचं तरी काय होतं? पहिलं वर्ष कौतुकाचं. मग रोज विंचरायचा कंटाळा येतो. काखेत, कानामागे, मागच्या पायांच्या सांध्यात केसांच्या जटा होतात, त्या कातडी ओढतात, शेपटीखाली विष्ठा चिकटते, पावसाळ्यात त्यात किडे पडतात. चेहरा जितका चपटा तितकी अश्रुनलिका वाकडी, नाकपुड्या अरुंद, श्वास जड. नागपूर-चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीला जातो तेव्हा असं मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकतं. मोठ्या गोल डोक्याची पिल्लं अंगाने बारीक भाटीच्या वाटेत अडकतात. मग मध्यरात्री सिझेरियनसाठी डॉक्टर शोधत फिरा. खर्चाचा आकडा ऐकून काही जण मांजर दवाखान्यातच सोडून जातात, हे डॉक्टरांना विचारून पाहा.

कान मुडपलेल्या स्कॉटिश फोल्डच्या ‘क्रॉस’ची तर आता फॅशनच आली आहे. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची मांजर सापडली, तिच्यापासून ही जात निघाली. कान मुडपतो तो कूर्चेतल्या दोषामुळे, आणि कूर्चा फक्त कानात नसते. तोच दोष पायांच्या, शेपटीच्या सांध्यांत दुखणं होऊन बसतो. हाही एका पालकाकडून येणारा दोष आहे. ब्रिटनमधल्या मांजरांच्या मुख्य नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. म्हणून मुडपलेला कान दिसला की ‘किती गोड’ म्हणण्याआधी ते मांजर जिना कसं चढतंय ते पाहा.

‘भाटीला एकदा तरी आईपण मिळू दे, मग करू ऑपरेशन’, हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. याला वैद्यकीय आधार कसलाही नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या भाटीला स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका खूपच कमी होतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्न तर जवळपास मिटतोच. माज थांबवायला मेडिकलमधून हार्मोनच्या गोळ्या आणून देणाऱ्यांनी तर हात तिथेच आवरावा. या गोळ्या-इंजेक्शनांनी नेमके हेच दोन आजार ओढवतात.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले, त्यात मांजर नाही. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ऑनलाइन विक्रीही त्यात धरली आहे. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांच्याही नोंदणीचा निर्णय घेतला. पण भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा ज्या १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरतो, त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात आज दोन वडापाव येतात. कोण घाबरेल?

तेव्हा जे करायचं ते आपल्यालाच. नसबंदीसाठी या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर प्राणिमित्र संस्थांच्या सवलतीच्या शिबिरांची चौकशी करा. गल्लीतल्या मांजरांसाठी मुंबई-पुण्यात महापालिकाही हे काम करतात, आपल्या वॉर्डात विचारा. भाटी गाभण असल्याची शंका असेल तरी लपवू नका, डॉक्टरांना सांगा, सुरुवातीच्या दिवसांत शस्त्रक्रिया करता येते. पिल्लं झालीच असतील तर निदान आठ आठवडे, जमल्यास बारा, आईजवळ राहू द्या, पहिली लस तुम्ही द्या, आणि त्या काळात बोक्याला खोलीबाहेर ठेवा. दूध पाजणारी भाटीसुद्धा पुन्हा गाभण राहते.

पशुवैद्यकांनाही हात जोडून सांगणं आहे. तुमच्याकडे लशीसाठी येणाऱ्या प्रत्येक चार महिन्यांच्या पिल्लाच्या कार्डावर नसबंदीची तारीख तिथल्या तिथे लिहा. लोक तुमचं ऐकतात. आणि ‘बोका कुठे मिळेल’ असं कुणी विचारलं तर नंबर देऊ नका. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी मांजरं पोत्यात भरून लांब सोडून येण्यापेक्षा तेच पैसे नसबंदीवर घालावेत. जागा रिकामी झाली की दुसरी मांजरं येतातच.

ज्यांना मांजर हवं आहे त्यांनी पिल्लू विकत घेऊ नये. तुमचे तीन किंवा पाच हजार रुपये हीच पुढच्या वीताची ऑर्डर असते. जवळच्या निवाऱ्यात जा, नाहीतर आपल्याच जिन्याखाली वाकून बघा. काळं, पांढरं, वाघरं, जे हाताला येईल ते घरी आणा, त्याला लस द्या आणि पाच महिन्यांचं व्हायच्या आत त्याची नसबंदी करा.